चैत्र शुद्ध द्वादशी, मुंगी घाटाखाली

आमच्या गावची कावड लहान. बांबूला दोन बाजूंनी दोन तांब्याच्या कळशा, वर भगवी निशाणं, एवढंच. नीरेचं पाणी भरायचं आणि शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाला नेऊन घालायचं. सासवडहून कऱ्हेचं पाणी घेऊन येणाऱ्या भुतोजीबुवांच्या मोठ्या कावडीपुढं आमची म्हणजे लेकरूच. पण चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाट तिनंही चढायचा आणि आमचीनंही. वडील होते तोवर ते चालायचे. ते गेल्यापासून मी चालते, नानांबरोबर. नाना माझे धाकटे चुलते.

नीरेचा उजवा कालवा मागं पडला की ऊस संपतो. हिरवं एकदम तुटतं आणि पुढं नुसतं माळरान. आषाढीला पंढरीच्या वाटेवर पाय चिखलात असतात, इथं फुफाट्यात. सकाळी दहालाच खालून चटके बसायला लागतात. पण फुलं म्हणाल तर मी ह्या माळावर पाहिलीत तेवढी कालव्याकाठी कधी पाहिली नाहीत. पळस संपत आलेला, तरी बांधाला एखादा अजून पेटलेला. करंजाच्या खाली फुलांचा सडा, लांबून लाह्या सांडल्यासारखा. वस्तीजवळ कडुनिंबाचा मोहोर. त्याचा वास आधी येतो, झाड नंतर दिसतं. आणि वाटेच्या अगदी कडेला, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत अशी काटेरिंगणी. मी खाली बसून बघितली. पानावरही काटे, देठावरही काटे, आणि मधे जांभळं फूल, पोटात पिवळे केसर. भोवती भेगा पडलेली जमीन. पाऊस होऊन सहा महिने झालेले. ही कुठून पाणी पिते?

"ऊठ पोरी, रुईची फुलं घे," नाना म्हणाले. "महादेवाला चालत्यात."

रुई तोडली की चीक येतो, म्हणून मी पदराला न लावता पळसाच्या पानात फुलं धरली. वीसेक असतील.

कोथळ्याजवळ एका घरानं आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. आदल्या दिवशी कामदा एकादशीचा उपास झालेला, त्यामुळं पहिला घास फार गोड लागला. त्या घरच्या म्हातारीनं मात्र पाणी तांब्या तांब्यानं मोजून दिलं, आणि देताना म्हणाली, "टँकर परवा येणारे, माऊली, पण तुम्ही प्या." मला तो तांब्या तोंडाला लावताना जड झाला. नाना तेव्हा मालोजीराजांबद्दल बोलले. शिंगणापूरला येणाऱ्या लोकांचे पाण्यावाचून हाल होतात हे बघून मालोजी भोसल्यांनी डोंगरावर तलाव बांधला, तोच पुष्कर तलाव. नानांनी हे मला दरवर्षी सांगितलंय आणि मी दरवर्षी ऐकते. तहानलेल्या मुलखातल्या देवाला आपण खांद्यावरून पाणी नेतो, ह्यात मला फार मोठं काहीतरी वाटतं. नेमकं काय ते मला आजवर शब्दांत धरता आलेलं नाही.

चारच्या सुमाराला वारा पडला. हलगीचा आवाजसुद्धा अंगाला चिकटल्यासारखा झाला. डोंगरामागून आभाळ काळंनिळं वर येत होतं आणि त्यापुढं तो पळस असा दिसत होता, की चालणारी माणसं बोलायची थांबली. चिमण्या धुळीत लोळत होत्या. मग एक वावटळ माळावरून उठली, करंजाची फुलं घेऊन गरगरत आमच्या अंगावरून गेली. दातात माती करकरली. लांब वीज चमकली.

"झाडाखाली नको कुणी!" मागून कुणीतरी ओरडलं. आम्ही उघड्यावरच, कावडीभोवती दाटून उकिडवे बसलो. नानांनी डोक्याचा फेटा सोडला, त्याचे दोन तुकडे केले आणि कळशांची तोंडं आवळून बांधली. सत्तरीचा माणूस, उघड्या डोक्यानं.

"नाना, पाणीच तर पडणारे. पडलं आत तर काय बिघडलं?"

"आभाळाचं त्यो आपलं घेतोय की. आपुन नीरेचं बोललोय, नीरेचंच पोचलं पायजे."

थेंब पडायला लागले ते रुपयाएवढे. मातीचा वास आला आणि पुढच्या रांगेतून आरोळी उठली, "हर हर महादेव!" मागं ती माळभर पसरत गेली. वळीव पंधरा-वीस मिनिटंच झाला. गारा पडल्या नाहीत, हे आंबेवाल्यांचं नशीब. मी भिजत बसले होते आणि डोळ्यांपुढं त्या म्हातारीचं अंगण होतं. तिथंही पडला असेल का? तिनं घमेली, पातेली बाहेर मांडली असतील का?

घाट ओला झालेला. माणसांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली आणि कावडी वर चढू लागल्या. दगड निसटत होते, "म्हाद्याऽऽ" म्हणून हाका चालल्या होत्या. माझ्या पुढच्या हाताला कुणाचा हात होता माहीत नाही, पण तो शेवटपर्यंत सुटला नाही.

गाभाऱ्यात दोन पिंडी आहेत, शिव आणि शक्ती. आमची पाळी आली तेव्हा बरीच रात्र झाली होती. नानांनी कळशीचं कापड सोडलं. आतलं पाणी भरल्या दिवसासारखंच नितळ होतं. माझ्या पानातली रुईची फुलं चुरगळली होती. चारच धड उरली होती, ती मी दोन-दोन वाहिली.