बूट रुंद करायचा स्ट्रेचर आणि तीन वेळा न झालेला पिकअप : माझा अनुभव

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ही मला वेळेवर कोणी सांगितली असती तर माझा निम्मा त्रास वाचला असता. नवीन बूट लागतोय म्हणजे नेमका कुठे लागतोय ते बघा. चवड्याशी आवळत असेल, करंगळी दाबली जात असेल, अंगठ्याच्या मुळाशी हाड टेकत असेल तर स्ट्रेचरने (बुटात घालून स्क्रू फिरवला की उघडतो आणि आतून ताण देतो तो साचा) काम होतं. अंगठ्याचं नख पुढे टेकत असेल, म्हणजे बूट लांबीलाच कमी असेल, तर स्ट्रेचरवर पैसे घालवू नका, बूट बदला नाहीतर कोणाला तरी देऊन टाका. पुढचं टोक आणि टाचेचा भाग, दोन्हीकडे आतून कडक थर घातलेला असतो आणि खाली सोल पक्का बसवलेला, त्यामुळे लांबी वाढायला जागाच नसते.

माझा प्रॉब्लेम रुंदीचा. मी डोंबिवलीला राहतो, ठाण्यात एका शोरूमला फ्लोअरवर असतो, दिवसाचे नऊ-दहा तास उभं राहायचं, त्यात येता-जाता लोकलमध्येही उभंच. उजव्या पायाला अंगठ्याच्या मुळाशी हाड थोडं बाहेर आलंय, आईलाही तसंच आहे. इतकी वर्षं रेक्झिनचे बूट वापरले, सहा-आठ महिन्यांत फाटायचे. यावेळी गणपतीनंतर धारावीला जाऊन अस्सल लेदरचे घोट्यापर्यंतचे काळे बूट घेतले, ४,२०० रुपयांचे. स्वतःच्या पायासाठी एवढे पैसे मी पहिल्यांदाच खर्च केले आणि बूट खरंच सुंदर आहेत, अजूनही बघून बरं वाटतं. फक्त घेतले सकाळी अकराला. पाय दिवसभरात सुजतो, बूट संध्याकाळीच घालून बघावा, आणि दोन्ही पायांत बघावा कारण दोन पाय सारखे नसतात. दोन दिवस वापरले, तिसऱ्या दिवशी हाडावर फोड. सोलला धूळ लागलेली म्हणजे बदलून मिळणं शक्यच नव्हतं, त्याबद्दल दुकानदाराला मी दोष देत नाही.

एक नंबर मोठा घेतला असता तर? शोरूममधल्या मित्राचा घालून बघितला, टाच आतून वरखाली होत होती. यूके मापात एका नंबरचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर असतो आणि तो लांबीचा, आपल्याला पाहिजे असते रुंदी. चेन्नईच्या सीएलआरआयने, म्हणजे केंद्र सरकारच्या चर्म संशोधन संस्थेने, मध्यंतरी देशभरातल्या १ लाखाहून जास्त लोकांच्या पायांची थ्रीडी मापं घेतली, भारतीयांसाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धत करायची म्हणून, त्यातही आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचंच निघालं. त्यांच्या मापावर बेतलेल्या फर्म्यावर (पायाच्या आकाराचा ठोकळा, ज्यावर बूट घडवतात) आपले बूट बनतात तर आपल्याला चावणारच.

मग घरगुती उपाय. ओला पेपर कोंबून रात्रभर ठेवला, शाई अस्तराला लागली, फरक शून्य. जाड मोजे घालून हेअर ड्रायर, थोडा फरक पडला पण लेदर कोरडं पडून सुरकुत्या यायला लागल्या म्हणून थांबलो. पिशवीत पाणी भरून बूट फ्रीझरमध्ये ठेवायचा उपायही सगळे सांगतात, पाण्याचा बर्फ झाला की ते साधारण ९ टक्के फुगतं हे खरं आहे, पण ते वाट मिळेल तिकडे फुगणार, हाडाच्या जागीच फुग असं त्याला सांगता येत नाही. पिशवी फुटली तर बूट आतून भिजणार ते वेगळंच. ४,२०० च्या बुटावर मी ते केलं नाही.

शेवटी ऑनलाइन स्ट्रेचर मागवला, ६४९ रुपये, फोटोत दोन दिसत होते.

इथून पुढचं जरा सविस्तर लिहितो कारण मला अजून राग आहे.

पार्सल आलं, उघडलं, आत एकच. म्हटलं ठीक आहे, एकेक बूट करू, मला त्रास उजव्यालाच आहे. पण तो बुटात घातला तर आत खुळखुळत होता. हँडल शेवटच्या आट्यापर्यंत फिरवलं, पुढचे दोन भाग पूर्ण उघडले तरी बुटाच्या कडांना नुसते टेकले, ताण काही नाही. मी ८ ते १० नंबरचा निवडलेला, आलेला सरळ सरळ लेडीज साइजचा. खोक्यावरचं लेबल वाचलं तर बारीक अक्षरात 'नेट क्वांटिटी १ एन'. हे एन म्हणजे नग. कुठलीही वस्तू मागवताना फोटो बघू नका, ही ओळ शोधा.

रिटर्न टाकलं, कारण 'चुकीचा साइज'. मुदत सात दिवस. पिकअपसाठी मुद्दाम बुधवार निवडला कारण माझी सुट्टी बुधवारी. सकाळी नऊपासून घरात बसून होतो, खाली दूध आणायलाही गेलो नाही. संध्याकाळी सहा चाळीसला मेसेज, 'पिकअपचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नव्हते.' फोन आला नाही, बेल वाजली नाही, आमच्या वॉचमनकडच्या वहीत नोंद नाही. आपण घरात बसलेलो असताना आपण घरी नव्हतो असं कोणीतरी लिहून मोकळं होतं, आणि पुढे सगळीकडे तेच खरं मानलं जातं, याचा जो संताप होतो तो ज्यांनी भोगलाय त्यांनाच कळेल.

दुसऱ्या दिवशी आपोआप नवीन तारीख पडली. आई घरात, तिला सांगून गेलो. दुपारी दोनला तोच मेसेज. आई म्हणाली, "अरे मी दार उघडं ठेवून भाजी निवडत बसले होते, कोणी फिरकलं नाही." कस्टमर केअरला फोन लावला, वीस मिनिटं ट्यून ऐकली, मग ताईंनी सांगितलं सर एस्कलेट केलंय, शनिवारी नक्की.

शनिवारी मी हाफ डे टाकला. पावणेचारला एक मुलगा खरंच आला, घामाघूम, त्याला पाणी दिलं, खोकं पुढे केलं. त्याने मोबाईलमधला फोटो बघितला आणि म्हणाला, "दादा, यात दोन दाखवतायत, तुम्ही एकच देताय." मी म्हटलं अरे आलाच एक, लेबल बघ, एक एन लिहिलंय. त्याने लेबल बघितलं, त्यालाही पटलं, पण म्हणाला ॲपमध्ये फोटोशी जुळतंय का असा प्रश्न येतो, नाही दाबलं तर पिकअप होत नाही आणि हो दाबलं तर वेअरहाऊसला एक नग कमी म्हणून पैसे माझ्याकडून जातील. त्याची काही चूक नाही. तो खोकं न घेता गेला आणि संध्याकाळी मेसेज आला, 'ग्राहकाने रिटर्न रद्द केले.' रविवारी सात दिवस पुरे झाले आणि रिटर्नचं बटणच गायब झालं.

म्हणजे ज्या फोटोमुळे मी फसलो त्याच फोटोमुळे मला ते परतही करता येईना. परत कस्टमर केअर. एकदा म्हणाले मुदत संपली, एकदा म्हणाले तुम्हीच रद्द केलंय, एकदा म्हणाले विक्रेत्याशी बोला आणि विक्रेत्याचा नंबर बंद. मधल्या काळात मी जुने फाटके रेक्झिनचे घालून कामाला जात होतो, दसरा तोंडावर आलेला आणि दिवाळीच्या गर्दीत आम्हाला बसायला स्टूलही मिळत नाही.

शोरूममधल्या अकाउंट्सच्या मॅडमनी मग रस्ता दाखवला. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ग्राहक संरक्षणाचे नियम आहेत, त्यानुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात तो ईमेल सापडला. सरळ लिहिलं, ऑर्डर नंबर, लेबलचा फोटो, बुटात स्ट्रेचर घालून पट्टी लावलेला फोटो, तिन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट, बुधवारचा मला एकही कॉल आला नाही हे दाखवणारा कॉल लॉग. रागाचं एकही वाक्य त्यात घातलं नाही, मॅडमनी बजावलं होतं. आणि त्याच दिवशी १९१५ ला फोन केला, ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, त्यांनी तक्रार नोंदवून नंबर दिला. तो नंबर मी कंपनीला दुसऱ्या ईमेलमध्ये कळवला. पाचव्या दिवशी कंपनीचा फोन, वस्तू ठेवून घ्या, पूर्ण पैसे परत करतोय. ६४९ आले. इतके दिवस जे जमत नव्हतं ते दोन मिनिटांत झालं. तेव्हा पहिला पिकअप खोटा पडला की त्याच दिवशी ईमेल करा, सात दिवस संपायची वाट बघू नका, मी उगाच तीन हेलपाटे होऊ दिले.

पैसे यायच्या आधीच स्टेशनजवळ बूट-चपला शिवणाऱ्या काकांकडे गेलो होतो. त्यांना बूट दाखवला, त्यांनी आत हात घालून चाचपला आणि म्हणाले लेदर चांगलं आहे, मोठं होईल, पण माझा फर्मा या मापाचा नाही, ठक्कर बाप्पा कॉलनीत जा, तिथे बुटाच्या सामानाच्या दुकानात मिळेल, बूट बरोबर ने आणि घालून बघून घे. गेलो. चेंबूर-कुर्ल्याकडची ती सगळी वस्तीच बूट-चपला बनवणाऱ्यांची. लाकडी स्ट्रेचर, पुढचा भाग उभा चिरलेला, मागे टाचेचा ठोकळा, मधून लोखंडी स्क्रू, वर भोकं आणि त्यात बसवायच्या छोट्या गोल गुटक्या, ५५० रुपये. काउंटरवरच बुटात घालून बघितला. डाव्या-उजव्या दोन्हीला चालतो त्यामुळे एक पुरतो.

काकांनी एक युक्ती सांगितली ती सोन्यासारखी आहे. हाडावर लिपस्टिक लावायची, मोजा न घालता बूट घालून उभं राहायचं, अस्तराला जिथे ठसा उमटेल तिथे गुटकी यायला पाहिजे. बायकोची जुनी लिपस्टिक घेतली, ठसा बरोबर मी समजत होतो त्याच्या बोटभर मागे निघाला. अंदाजाने बसवली असती तर भलत्याच जागी टेंगूळ आलं असतं.

स्पिरिट आणि पाणी समसमान, स्प्रेच्या बाटलीत, आतून त्या जागी दमट होईल एवढंच मारलं (आधी बुटाच्या जिभेच्या, म्हणजे लेसखालच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला मारून रंग जातो का बघा, आणि हे मारल्यावर हेअर ड्रायर लावू नका, स्पिरिट पेट घेतं). लेदर म्हणजे कातडंच, त्यातले धागे एकमेकांत गुंतलेले असतात, दमट झाले की सरकतात आणि ताणलेले असतानाच वाळले तर तसेच राहतात. म्हणून स्ट्रेचर आत ठेवूनच पूर्ण वाळू द्यायचं, मधे काढून घालून बघायचा मोह आवरायचा. रेक्झिनमध्ये हे होत नाही, ते ताणतं आणि परत मूळ जागी येतं नाहीतर तडकतं. चकचकीत पेटंट लेदरलाही तडे जातात.

आत नीट बसेपर्यंत फिरवला, मग फक्त दोन आटे. दुसऱ्या दिवशी सकाळी एक, रात्री एक. हात शिवशिवतो, अजून फिरवावंसं वाटतं, पण सोलजवळची शिलाई ताणलेली दिसली की थांबायचं, कारण कमी झालं तर परत करता येतं, जास्त झालेलं आत घेता येत नाही. ४८ तासांनी काढला. चवड्याशी बाहेरून पट्टीने १०२ मिलिमीटर होतं ते १०६ झालं. चार मिलिमीटर वाचायला काहीच नाही, पण पाय आत गेला आणि हाडाला काही टेकलं नाही तेव्हा मी पाच मिनिटं घरातच फेऱ्या मारत होतो, आई हसत होती.

दोन आठवड्यांनी थोडं परत आवळल्यासारखं झालं, एक रात्र पुन्हा ठेवला, त्यानंतर नाही. ताणल्यावर लेदर कोरडं दिसतं, क्रीम पॉलिश चोळून घ्या. दिवाळीचे सगळे दिवस त्याच बुटांत उभा होतो, धनत्रयोदशीला रात्री अकरापर्यंत.

तो लेडीज साइजचा बायकोच्या ऑफिसच्या सँडलला बरोबर बसला. आणि लाकडी आता दुसऱ्या मजल्यावरच्या जोशी काकूंकडे आहे, त्यांच्या मुलाच्या बुटांसाठी. देताना दोनदा सांगितलंय, आधी लिपस्टिक, मग दोनच आटे.