तुम्ही विचारलंत म्हणून: बायबल आणि रोबोट

रोज बायबल वाचणारी मी रोबोटांच्या विज्ञानकथा इतक्या आवडीनं कशी वाचते, असं मला बरेच जण विचारतात. चर्चमधलेही आणि बाहेरचेही. खरं सांगायचं तर दोन्हीकडे मला एकच प्रश्न भेटतो: माणूस म्हणून कोणाला धरायचं?

विज्ञानकथा लेखक आयझॅक असिमोव्ह यांनी १९४२ साली एका कथेत रोबोटांचे तीन नियम मांडले. पहिला असा, की रोबोट माणसाला इजा करणार नाही आणि स्वस्थ बसून इजा होऊही देणार नाही. नियम चोख आहे. पण १९८५ च्या ‘रोबोट्स अँड एम्पायर’ कादंबरीत त्यांनीच त्यातली फट दाखवली. सोलारिया ग्रहावरच्या रोबोटांना शिकवलेलं असतं, की सोलारियाच्या धाटणीनं बोलेल तोच माणूस. बाहेरून आलेले लोक त्यांच्या लेखी माणसंच नसतात. त्यांच्यावर चालून जाताना रोबोट नियमाचा एक शब्दही मोडत नाहीत.

हे वाचताना मला बायबलमधल्या ‘शास्ते’ पुस्तकाचा बारावा अध्याय आठवला आणि अंगावर काटा आला. यार्देन नदीच्या उतारांवर, म्हणजे ती पायी ओलांडता येते अशा जागी, गिलादी लोक पहारा धरून बसलेत. पलीकडे जाऊ पाहणाऱ्याला ते ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावतात. त्यांच्याशी लढून हरलेल्या एफ्राइमी टोळीच्या माणसाला ‘श’ जमत नाही, तो ‘सिब्बोलेथ’ म्हणतो आणि तिथेच मारला जातो. त्या वेळी ४२,००० माणसं पडली, असं तिथं लिहिलंय. मारणारे आणि मरणारे एकाच देवाला मानणारे भाऊबंद होते.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराचं मला इतकं अगत्य आहे ते यामुळेच. येशू अरामी बोलत होता, त्याचं जीवन सांगणारी शुभवर्तमानं मात्र ग्रीकमध्ये लिहिली गेली. म्हणजे त्याची शिकवण आमच्यापर्यंत आली तीच मुळी भाषांतर होऊन. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तो याईराच्या मेलेल्या मुलीचा हात धरून ‘तलीथा कूम’ म्हणतो, आणि लेखक लगेच अर्थ सांगतो: मुली, ऊठ. अरामी न येणाऱ्या वाचकाला तो क्षणभरही बाहेर ताटकळत ठेवत नाही. भाषांतराला दुय्यम मानणाऱ्यांना मी हे वाक्य दाखवते. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणत होत्या, १९२२ साली निधन होईपर्यंत. उतारावरचा पहारेकरी दुसऱ्याची जीभ तपासतो, भाषांतरकार स्वतःची जीभ वळवतो.

आता यंत्रांसाठी खरोखरच नियम लिहिले जातायत. लिहिणाऱ्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचावा, असं मला मनापासून वाटतं. नियमशास्त्राचा एक जाणकार येशूकडे व्याख्याच मागतो: माझा शेजारी कोण? येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस, त्याला पाहून बाजूनं निघून गेलेले याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक), आणि थांबलेला शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका वाटणाऱ्या समाजातला माणूस. मग उलट विचारतो, या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण झाला? याजकानं कोणाला इजा केली नव्हती, पण असिमोव्हच्या पहिल्या नियमाचा उत्तरार्ध त्यानं मोडला. आणि तो जखमी माणूस गोष्टीत एकदाही बोलत नाही. त्याची बोली कोणती, हे कोणी विचारलेलंच नाही. असं न विचारता थांबणारं यंत्र घडवता येईल का, हे मी त्या कथांमध्ये शोधत असते.