आमची वाटचाल : न दिसणाऱ्या डिस्कांच्या सोबतीनं

बिघडलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा परत मिळवून देणं हा आमचा धंदा. आमच्याकडे येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं, "डिस्क डिटेक्ट होत नाही." दुसरं वाक्य असतं, "आधी दुसरीकडे दाखवली होती." पहिल्या वाक्यावर आमचं पोट चालतं. दुसऱ्यानं आम्हाला एकदा रस्त्यावर आणायचंच बाकी ठेवलं होतं. ते पुढे सांगतो.

मी आधी संगणक जोडून द्यायचो. माझे भागीदार रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीतून आलेले, वयानं बरेच मोठे, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. डिस्क दुरुस्त होत नाही, बदलतात, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. काकांना ते पटायचं नाही. डिस्क आली की ते डेटा केबल लावूच देत नसत. नुसती पॉवर द्यायची, हात डिस्कवर ठेवायचा आणि ऐकायचं. मोटर वेग घेते, हेड (चकतीवर डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) एकदा सरसर फिरून शांत होतं, म्हणजे डिस्क बहुतेक ठणठणीत आहे. दोष केबल, जंपर (डिस्कच्या मागच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी) किंवा बायोसमध्ये (संगणक सुरू होताच चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) शोधा. अजिबात आवाज नाही, तर डिस्कचा सर्किट बोर्ड किंवा पॉवर. बारीक गुणगुण किंवा बीप येते पण चकती फिरत नाही, तर हेड प्लॅटरला, म्हणजे चकतीला, चिकटलंय नाहीतर मोटर जाम आहे. ठराविक अंतरानं टक्‌टक् येते, तर तत्क्षणी पॉवर काढा. ऐकलेलं काय ते आधी रजिस्टरमध्ये लिहायचं, मग पुढचं काम. ही शिस्त आजही मोडलेली नाही.

आयडीई या जुन्या, रुंद केबलच्या जोडणीच्या काळात तर कित्येक 'मेलेल्या' डिस्क जागेवर उठल्या. एका केबलवरची पहिली डिस्क मास्टर, दुसरी स्लेव्ह. ऐंशी तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला, हे उलटं लावलेलं असायचं. एकाच केबलवर दोन डिस्क आणि दोन्हींचे जंपर मास्टरवर, हे तर नेहमीचंच. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या डिस्क एकट्या असतील तर त्यांना मास्टरचा जंपर चालत नसे. 'सोबत स्लेव्ह आहे' असं समजून त्या वाट बघत बसायच्या आणि बायोसला काहीच दिसायचं नाही. जंपर काढला की डिस्क हजर. गिऱ्हाईक आश्चर्यानं बघत राहायचं, आम्ही त्याचे पैसे घ्यायचो नाही. त्या सवयीवर मला आजही अभिमान आहे.

क्षमतेच्या भिंती, म्हणजे ज्यापलीकडची डिस्क जुन्या बायोसला नीट ओळखता येत नसे त्या मर्यादा, हा दुसरा भाग. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, म्हणजे ५२८ एमबी, ही पहिली भिंत. मग ८.४ जीबीची. मग ३३.८ जीबीची, जिथं काही बायोस डिस्क बघताच गोठून जात. त्यासाठीच डिस्कवर क्षमता मुद्दाम ३२ जीबीपुरती दाखवणारा जंपर असे. मग १३७ जीबी, कारण सेक्टरचा पत्ता २८ बिटांचा. जुनं मशीन आणि त्यामानानं नवी डिस्क असा जोड समोर आला, तर आधी हे आकडे आठवा. स्क्रूड्रायव्हर नंतर घ्या.

याच आकड्यांनी आम्हाला आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक मिळवून दिलं. लेथ आणि मिलिंगचा कारखाना चालवणारे गृहस्थ. त्यांचं एक मशीन जुन्या संगणकावर चालायचं, आणि एका सकाळी त्या संगणकाला डिस्क दिसेना. मशीनचे सगळे प्रोग्राम त्या एकाच डिस्कवर, दुसरी प्रत नाही, मशीन बनवणारी कंपनी ते मॉडेल केव्हाच विसरलेली. त्यांना सांगितलं गेलं होतं की डिस्क गेली, आता मशीनचा कंट्रोलरच नवा घ्या. काकांनी डिस्क कानाला लावली, आवाज स्वच्छ होता. मग त्यांनी डिस्क बाजूला ठेवली आणि मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी मोजली. ती उतरली होती. बॅटरीबरोबर बायोस सगळं विसरलं होतं, डिस्कचा प्रकार धरून. दुसरीकडे कुणीतरी तो 'ऑटो' करून पाहिला होता. बायोसनं एलबीए (पत्ते मोजायची वेगळी पद्धत) पकडलं, पण डिस्कची विभागणी झाली होती नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे लेबलवरच्या आकड्यांच्या हिशेबानं. पत्त्यांचा हिशेबच बदलला, म्हणून डिस्क दिसू लागली तरी ऑपरेटिंग सिस्टिम सापडेना. नवी बॅटरी टाकली, लेबलवरचे सिलिंडर, हेड, सेक्टर हातानं भरले, मोड नॉर्मल केला, आणि मशीन सुरू झालं.

त्याच दिवशी आम्ही डिस्कची प्रतिमा, म्हणजे सेक्टरागणिक पूर्ण प्रत, घेतली आणि पुढे तिच्या जागी ॲडॉप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलं. ते कार्ड थेट आयडीई भाषेत बोलतं, त्यामुळे मशीनला फरक कळत नाही. तेव्हापासून त्या गृहस्थांनी दुसऱ्या कुणाला डिस्क दाखवली नाही. कारखान्यात जुनी मशीन असणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे : मशीन ठीक चालतंय तोवरच बायोसच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि बॅटरी बदला.

त्यानंतरची बरीच वर्षं सुरळीत गेली. आयडीईच्या जागी साटा ही नवी जोडणी आली, काम वाढलं, माणसं वाढली.

मग आमच्याच धंद्यात एक नवी फर्म उतरली. नाव लिहीत नाही, लिहिण्याची लायकीही नाही. जाहिरात अशी की कोणतीही डिस्क त्याच दिवशी. ज्याला हे काम येतं त्याला माहीत आहे की खराब सेक्टरांची डिस्क त्याच दिवशी होत नाही. आधी तिची प्रतिमा घ्यावी लागते. सोपा भाग आधी, अडणारा भाग सोडून पुढे, मग उलट्या दिशेनं, मग पुन्हा. डीडीरेस्क्यू हा प्रतिमा घेणारा प्रोग्राम कुठवर आलं याची नोंद ठेवतो ते याचसाठी. ही मंडळी थेट मरणासन्न डिस्कवरच चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवत. विंडोजनं 'इनिशियलाइझ करू का', म्हणजे डिस्क कोरी समजून नव्यानं मांडू का, असं विचारलं की होय म्हणत. बोर्ड जळला असेल तर त्याच मॉडेलचा बोर्ड आणून लावत, आणि डिस्क टक्‌टक् करू लागली की 'हेड गेलं' म्हणत. साधारण २००३ नंतरच्या बहुतेक डिस्कांत बोर्डावरच्या रॉम नावाच्या चिपमध्ये, बहुधा आठ पायांच्या, त्याच डिस्कच्या हेडांचे स्वतःचे आकडे असतात. ती रॉम किंवा तिच्यातला मजकूर नव्या बोर्डावर आणल्याशिवाय डिस्क सहसा आपलीच सर्व्हिस एरिया (स्वतःच्या कामासाठी राखलेली जागा) वाचू शकत नाही. एवढं माहीत नसताना दुकान मांडायचं?

आणि वर ही मंडळी डिस्कची झाकणं उघडत. उघड्या टेबलावर, पंख्याखाली. हेड प्लॅटरपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, हवेतला धुळीचा कण त्याच्या कितीतरी पट मोठा. आम्ही लॅमिनार फ्लो कॅबिनेट (गाळलेल्या, धूळमुक्त हवेचं कपाट) घेतलं तेव्हा दुसरं कर्ज फिटलं नव्हतं. हेड उचलायच्या कंगव्यांसकट सगळं त्यात ठेवतो. त्या फर्मकडून उघडून आलेल्या डिस्कांच्या प्लॅटरवर बोटांचे ठसे मी स्वतः पाहिलेत.

अशा डिस्क शेवटी आमच्याकडे येत आणि आम्ही 'आता होणार नाही' म्हणालो की दोष आमच्यावर. तेही सोसलं असतं. पण नंतर कुजबुज सुरू झाली की आम्ही गिऱ्हाइकांच्या डेटाच्या प्रती ठेवून घेतो. या धंद्यात याहून मोठा घाव नाही. माणूस आपले हिशेब, घरचे फोटो, पत्रं डोळे झाकून आमच्या हाती देतो. पहिल्या दिवसापासून आमचा नियम आहे : गिऱ्हाइकानं डेटा तपासला की आमच्याकडची प्रत त्याच्यासमोर पुसायची आणि रजिस्टरमध्ये त्याची सही घ्यायची. ती रजिस्टरं कपाटात होती, पण कपाट बघायला कोण येतो? कार्यालयं एकेक करून येईनाशी झाली. २०११ च्या अखेरीस थायलंडच्या पुरात डिस्कचे कारखाने बुडाले, त्यामुळे डोनर डिस्कही (सुटे भाग काढून घेण्यासाठीच्या तशाच डिस्क) महाग झाल्या. कामावरची दोन मुलं सोडून गेली. काकांनी स्वतःचा ऑसिलोस्कोप विकायला काढला. मी तो विकू दिला नाही, पण पगार कुठून द्यायचे हे मला माहीत नव्हतं.

वळण आलं ते एका बाह्य डिस्कमुळे. संशोधन करणाऱ्या एक बाई ती घेऊन आल्या, अनेक वर्षांच्या नोंदी त्यात. सोबत त्या फर्मची चिठ्ठी, 'प्लॅटर खराब, डेटा मिळणार नाही.' काकांनी डिस्क उलटीसुलटी केली आणि चिठ्ठीकडे बोट दाखवलं. झाकणावरचं सील शाबूत होतं, म्हणजे डिस्क उघडलेलीच नव्हती. मग प्लॅटर कुणी पाहिले? बाईंना विचारलं, ॲडॉप्टर कोणता लावला होता. लॅपटॉपचा, १९ व्होल्टचा, पिन बसली म्हणून. डिस्कला लागतात १२. मल्टिमीटर लावला, बारा व्होल्टच्या वाटेवरचा टीव्हीएस डायोड शॉर्ट होता. तो डायोड याचसाठी असतो, जास्त व्होल्टेज आलं की स्वतः जळून बाकीचा बोर्ड वाचवतो. पण शॉर्ट झाल्यावर पॉवर सप्लाय डिस्कला पाहताच बंद पडतो आणि डिस्क मेल्यासारखी वाटते. हॉट एअरनं डायोड काढला, पाच व्होल्टचा तपासला, तो चांगला होता. योग्य पॉवर दिली, डिस्क पहिल्याच खेपेला फिरली. प्रतिमा पूर्ण मिळाली, एकही सेक्टर न चुकता. मग नवा डायोड बसवला.

बाईंनी त्यांच्या संस्थेत ही हकीकत सांगितली. त्याच सुमारास कारखान्याचे ते गृहस्थ न सांगता आले, रजिस्टरं मागितली, त्यातल्या स्वतःच्या सह्या पाहिल्या आणि त्यांच्या ओळखीच्या सगळ्या कारखानदारांना फोन करून सांगितलं की प्रती पुसताना मी स्वतः उभा होतो. काम परत आलं. कुजबुज करणाऱ्यांनी मात्र शब्द कधी मागे घेतला नाही. ती फर्म आता नाही, म्हणून झालेलं नुकसान भरून आलं असं मी मानत नाही. चिठ्ठीची झेरॉक्स माझ्याकडे आहे.

काका आता रोज येत नाहीत, पण अडलेली डिस्क त्यांच्यासाठी राखून ठेवतो. दुखणी बदललीत. नव्या काही डिस्क जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नाहीत, कारण साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की ती डिस्क बंद राहते. जुन्या सप्लायमध्ये ती पिन नेहमी चालूच असते. ती वाट तोडली किंवा पिन झाकली की प्रश्न मिटतो. बाह्य डिस्क केसमधून काढून थेट जोडली आणि रिकामी दिसली, तर घाबरू नका. काही केसमधला बोर्डच डेटा कूटबद्ध करतो, काही सेक्टरचा आकार वेगळा दाखवतात. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अजून लोक करतात. कृपा करून करू नका, बाहेर काढली की प्लॅटरवर दव धरतं. ठोकू नका, 'फॉरमॅट करायचं का' याला नाही म्हणा, आणि टक्‌टक् ऐकू आली तर पुन्हा पॉवर देऊन खात्री करत बसू नका.

आमच्याकडे येताना नुसती डिस्क आणू नका. केस आणा, ॲडॉप्टर आणा, आधी कुणी काय केलं ते खरं सांगा. आणि कुणी बोर्ड बदलला असेल तर मूळ बोर्ड मागून घ्या, जळका असला तरी. रॉम त्याच्यावरच असते.