महापुराचा पंचनामा

पावणेदहाला आमच्या वकिलीच्या ऑफिसात आले तेव्हा बाकड्यावर एक बाई बसल्या होत्या. मांडीवर कापडदुकानाची पिशवी, तीत कागद कोंबलेले. शेजारी कॉलेजातला मुलगा. कारकुनाने खुणेनेच सांगितलं, बँकेचं आहे, तुमचंच.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत मशीनशॉप, आसपासच्या फाउंड्र्यांचं जॉबवर्क. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, हप्ते थकले. वरचाच कागद तहसील कार्यालयाचा: परवा सकाळी ११ वाजता पोलीस बंदोबस्तात ताबा.

मी सरफेसीची, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, कामं बघते. सवयीने चाळत गेले. कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस बरोबर, पेपरातली जाहिरात बरोबर, जिल्हाधिकाऱ्यांचा कलम १४ खालचा ताब्याचा आदेशही बरोबर. सहकारी बँकेला हा कायदा लागूच नाही, या मुद्द्यावर एके काळी वकिलांची चूल पेटायची. ५ मे २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने तो वाद मिटवला. तो खटलाही आमच्याच जिल्ह्यातल्या, मुरगूडच्या बँकेचा. समोरच्या वहिनींना काय सांगायचं ते मनात ठरूनही गेलं होतं: बँकेशी बोलून थोडी मुदत मिळते का बघू, बाकी फारसं काही उरलेलं नाही.

पण त्याआधी रजिस्टर. आमच्याकडे दिवाणी, फौजदारी, महसूल, सहकार, कामगार, बँका, दस्तनोंदणी सगळं एका छपराखाली चालतं. लोकांना ते सोयीचं वाटतं, आम्हाला मात्र भीती असते की निम्मा जिल्हा कधी ना कधी आपलाच पक्षकार असतो. म्हणून नवं काम घेण्याआधी दोन्ही बाजूंची नावं शोधायची. बँक कुठेच नव्हती. वहिनींचं आडनाव आणि गाव मात्र सापडलं. १९९८ चा वाटपाचा दावा, सासऱ्यांचं नाव ‘विरुद्ध’ या रकान्यात.

“वहिनी, तुमच्या सासऱ्यांविरुद्ध आमच्या साहेबांनी दावा चालवला होता. माहीत आहे ना?”

“म्हाईत हाय की. हरवलं हुतं मामंजींना. ते म्हणायचे, त्या वकिलानं आपल्याला कोर्टात बुडवलं, पर एक कागद खोटा लावला न्हाई. म्हणून तर आलो.”

वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियम ३६ ने बंदी आहे. पाटीवरही नाव आणि पदवी याच्या पलीकडे फारसं काही लिहिता येत नाही. मग नाव पसरतं ते एसटीत, दूध डेअरीवर, तहसीलच्या व्हरांड्यात. पण हरलेल्या माणसाच्या घरात ते सत्तावीस वर्षं टिकून असेल, हे मला नवीन होतं.

कोर्टाला निघण्याआधी साहेब अवघड फायली मोठ्या टेबलावर मागवतात. तिथे तात्याही असतात. पूर्वी तलाठी, मग मंडल अधिकारी, निवृत्तीनंतर आमच्या महसूल विभागात. त्यांनी माझ्या नोटिसांकडे बघितलंच नाही, थेट सातबारे ओढले.

“गट दोन आहेत. शेडचा बिनशेती आहे. हा दुसरा, नदीकडचा, एक एकर दहा गुंठे. ह्याचा बिनशेतीचा आदेश कुठाय?”

नव्हता. बँकेने दोन्ही गट एकाच गहाणखतात, एकाच वर्णनाखाली घेतले होते आणि मीही ते तसेच वाचले होते. सरफेसीच्या कलम ३१(आय) प्रमाणे शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. पहिल्या वर्षाच्या ज्युनिअरलाही पाठ असलेलं कलम. मला तिथेच लाज वाटली.

साहेब म्हणाले, “नुसत्या सातबाऱ्यावर भागणार नाही.” खरंच होतं. जानेवारी २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की महसुली दप्तरात शेती लिहिलेली असणं पुरत नाही, गहाण ठेवताना तिथे प्रत्यक्ष शेती होती हे कर्जदारानेच सिद्ध करायचं.

गहाणखत सप्टेंबर २०१९ चं. तात्यांनी तारीख वाचली, चष्मा काढला आणि वहिनींना विचारलं, “ऑगस्टात पुरात ऊस बुडाला होता का?”

“सगळा. हायवेवर पाणी आलतं की.”

“मग पंचनामा कुठाय?”

आम्ही सगळेच गप्प. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने शिरोलीजवळ महामार्ग बंद पाडला होता, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गहाणखताच्या आदल्याच महिन्यात सरकारी माणूस त्या गटात उभा राहून ‘ऊस’ असं लिहून गेला असणार, हे फक्त तात्यांच्या डोक्यात आलं. पंचनामे त्यांनीच लिहिलेत ना जन्मभर!

पिशवी टेबलावर उलटी केली. लाइटबिलं, दवाखान्याच्या पावत्या, लग्नपत्रिका, एक राखीसुद्धा. पंचनामा नव्हता, पण पासबुकात नुकसानभरपाईची नोंद होती. मग धावाधाव. तात्या मुलाला घेऊन नकलेसाठी तहसीलला गेले. सहकार विभागातल्या पोराने साखर कारखान्यातल्या ओळखीच्या चिटबॉयला, म्हणजे शेतावरच्या उसाच्या नोंदी बघणाऱ्याला, फोन लावला आणि दुपारपर्यंत त्या गटाची ऊसनोंद व दोन हंगामांची बिलं आणली. पंचनाम्याची नक्कल साडेपाचला हातात पडली. गट नंबर, पीक, क्षेत्र, सगळं स्वच्छ अक्षरात.

१८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, सहा जिल्ह्यांची मुंबईची वारी वाचली. डीआरटीसाठी, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणासाठी, मात्र अजून पुणंच गाठावं लागतं. रात्री अकरापर्यंत अर्ज लिहिला, पहाटे तीनला गाडी काढली. कराडला चहा प्यायले तेवढाच थांबा.

बँकेच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे २०२३ चा निकाल पुढे केला. मी पंचनामा दिला. नदीकडच्या गटाला पुढच्या तारखेपर्यंत ‘जैसे थे’ मिळालं. शेडला संरक्षण हवं असेल तर आधी रक्कम भरा, असा आदेश झाला. त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं आणि साहेबांनी नसलेलं बोलू नको असं निघतानाच बजावलं होतं.

बाहेर येऊन फोन केला. तात्यांनीच उचलला. “क्षेत्र बरोबर लिहिलंय ना आदेशात? पोटखराबा धरून?” वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्यांना शेडचं सांगितलं. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, “दोन मशिनी इकून किती भरता येत्यात, बघू या का?”

एकरकमी परतफेडीची बोलणी अजून चालू आहेत. एक लेथ विकली गेली आहे.