दहा रुपयांची काकडं

आमच्या घोडबंदर रोडच्या साइडला रविवारी सकाळी शेतकरी बाजार भरतो, सोसायट्यांच्या मधल्या एका मोकळ्या प्लॉटवर, आणि आईचा नियम असा की आठच्या आत पोचायचं. आठनंतर मेथी "उरलेली" असते म्हणे. मी दोन वर्षं जातोय, मला तरी साडेनऊची मेथी सेम दिसते, पण वाद घालत नाही, कारण नऊनंतर गाडी लावायला जागा मिळत नाही हे मात्र खरं आहे.

2016 मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि त्यानंतर शहरांमधून हे शेतकरी आठवडी बाजार सुरू झाले. आमच्याकडे येणारे बरेचसे जुन्नरच्या बाजूचे. रात्री माल भरायचा, टेम्पो माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणवरून पहाटे ठाण्यात. त्यातला एकजण टेम्पोच्या टपाखालीच झोपलेला असतो आणि त्याची बायको एकटी सगळं गिऱ्हाईक सांभाळते, तोंडी हिशोब, एक रुपया चुकत नाही.

आता सगळेच शेतकरी असतात का, तर नाही. ज्याच्याकडे टोमॅटो, काकडी आणि कोथिंबीर एवढंच आहे, आणि टोमॅटोही लहानमोठे मिक्स, तो बहुतेक स्वतःच्या रानातलं आणतो. ज्याच्याकडे ब्रोकोलीपासून सफरचंदापर्यंत सगळं मांडलंय त्याला "कुठलं गाव?" विचारून बघा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "काय हवंय ते सांगा ना साहेब." तांदळाचंही तेच. वाडा कोलमला 2021 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आणि तेव्हापासून तर ज्याच्या त्याच्या पोत्यावर वाडा कोलम लिहिलेलं दिसतं. आई दाणे दाताखाली चावून बघते आणि पुढे निघते, मी मागून सॉरी म्हणतो.

पण सांगायचं होतं वेगळंच. जूनचा दुसरा आठवडा, पहिला चांगला पाऊस पडून गेलेला, प्लॉटवर घोट्यापर्यंत चिखल, ताडपत्रीत साठलेलं पाणी नेमकं मी वाकलो तेव्हाच कॉलरमध्ये. आई त्या दिवशी बहिणीकडे गेलेली म्हणून मी एकटाच. गेटच्या बाहेर, म्हणजे बाजाराच्या हद्दीतसुद्धा नाही, येऊरच्या पाड्यावरची एक मावशी गोणपाट टाकून बसते. आत जे बॅनरवाले स्टॉल आहेत तसं तिचं काही नाही, स्कॅनर नाही, वजनकाटा नाही, सगळं वाट्यावर. तिच्याकडे शेवळं होती, पावसाळ्याच्या तोंडावरची रानभाजी. जांभळट तपकिरी सुरळ्या, दिसायला जरा विचित्रच, पण लहानपणी खाल्लेली आठवत होती आणि ही वर्षात जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, म्हणून वाटा घेतला चाळीसला.

ती म्हणाली, "काकडां घे ना दादा, दहा रुपये." बाजूला छोट्या हिरव्या गोल फळांचा ढीग होता. मला वाटलं, झालं, हिनं पण कॉम्बो ऑफर चालू केली. म्हटलं नको. ती परत म्हणाली, "घे, नायतर घसा धरंल." मी हसलो आणि निघालो. खिशात सुट्टे दहा होते, हे मुद्दाम सांगतो.

घरी येऊन कांदा-लसणाची फोडणी, वर ओलं खोबरं, यूट्यूब न बघता, एकदम कॉन्फिडन्सनं. चव छान होती. दुसऱ्या घासानंतर जिभेवर काहीतरी सुरू झालं आणि पाचव्या मिनिटाला असं वाटलं की घशात कोणीतरी काचेची लोकर कोंबलीय. बायकोचं तेच. मुलगा भाजी बघूनच नाही म्हणाला होता म्हणून वाचला आणि दिवसभर ते ऐकवत राहिला. ताक, आमसुलाचं पाणी, तूप, गूळ, जे सुचेल ते. बोलता येत होतं पण बोलावंसं वाटत नव्हतं.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. त्या पक्क्या सीकेपी, ठाण्यातल्या जुन्या, शेवळांचं नाव काढल्यावर त्यांचे डोळेच चमकले, आणि पुढचं ऐकून त्यांना हसू आवरेना. "काकडाशिवाय शेवळं? अरे वेड्या!" मग सांगितलं की शेवळात ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात, ते घशाला टोचतात. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं, काकडं ठेचून त्याचा आंबट रस काढायचा आणि त्यात ते नीट शिजवायचं. काकडं नसतील तर चिंच, पण ती अडीअडचणीला. काकूंकडे यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, पडतात, किंवा ताजी कोलंबी. हे सगळं त्या मावशीनं एका वाक्यात सांगितलं होतं, फक्त ऑक्झलेट म्हणाली नव्हती.

पुढच्या रविवारी आईबरोबर गेलो. मेथीसुद्धा नंतर, आधी गेटवर. मावशीकडे टाकळा होता, फोडशी होती आणि शेवळांचे शेवटचे दोन वाटे. तिनं मला बरोब्बर ओळखलं. "धरला ना घसा?" आई माझ्याकडे बघायला लागली, कारण तिला घरात कोणी काही सांगितलं नव्हतं. मी दोन्ही वाटे घेतले, एक आमच्यासाठी, एक काकूंना, सोडे त्यांचे आणि तांदळाच्या भाकऱ्या आमच्या असं फोनवर ठरलंच होतं.

मग विचारलं, काकडं कशी?

"पंधरा."

मागच्या आठवड्यात दहाला होती. आईनं तोंड उघडलं, मी तिच्या आधी पैसे दिले.