टूल, वही आणि मार्चमधला रविवार

सुरुवात आळसातून झाली. ट्रायबल वॉर्स हा एकमेकांची गावं जिंकायचा ऑनलाइन खेळ. त्याच्या एका जगात, म्हणजे एका सर्व्हरवर, आमच्या टोळीत चाळीसेक जण होते, आणि हिंजवडीहून बसने कर्वेनगरला येईपर्यंतचा माझा सगळा वेळ मोबाईलवर अंतरं मोजण्यात जायचा. गणित अवघड नाही, कंटाळवाणं आहे. नकाशा हजार बाय हजार घरांचा, प्रत्येक गावाला दोन आकडे. 500|500 वरून 503|504 ला जायचं तर अंतर पाच घरं. साध्या वेगाच्या जगात कुऱ्हाडवाल्याला एका घराला 18 मिनिटं लागतात, रॅमला, म्हणजे भिंत फोडणाऱ्या ओंडक्याला, 30, आणि नोबलला, म्हणजे गाव जिंकणाऱ्या सरदाराला, 35. म्हणजे ही पाच घरं कुऱ्हाडवाला दीड तासात कापतो, रॅम अडीच तासात आणि नोबल दोन तास पंचावन्न मिनिटांत. नोबलचीच भीती. गावाची निष्ठा 100 असते, ती दर फटक्याला 20 ते 35 ने उतरते. चार-पाच नोबल लागोपाठ आले की गाव दुसऱ्याचं.

इन्कमिंग दिसतं तेव्हा हल्ला येतोय एवढंच कळतं, कशाचा ते कळत नाही. पण अंतर पाच घरांचं आहे आणि पोचायला अजून दोन तास बावन्न मिनिटं बाकी आहेत, तर तो रॅम असूच शकत नाही. नोबलच. हा हिशोब ज्याला झोपेतही जमतो तो वाचतो, बाकीचे सकाळी उठून गावं मोजतात.

आता फाईलबद्दल. हा खेळ स्वतःच प्रत्येक जगाची माहिती उघड्यावर ठेवतो. गावांची एक फाईल, खेळाडूंची एक, टोळ्यांची एक, कोणतं गाव कोणी कधी जिंकलं त्याची एक. गावाच्या ओळीत क्रमांक, नाव, दोन आकडे, मालक, गुण असं सगळं स्वल्पविरामांनी तोडलेलं. गावाच्या नावातच कोणी स्वल्पविराम टाकला तर ओळ फाटू नये म्हणून नावं सांकेतिक रूपात येतात आणि मधल्या मोकळ्या जागेचं अधिक-चिन्ह होतं. त्यामुळे एका खेळाडूची गावं मला पहिल्यांदा दिसली ती अशी: रास्ता+पेठ, गंज+पेठ, नाना+पेठ, घोरपडे+पेठ. म्हटलं, हा कोणीतरी आपल्याच गावचा.

दिवाळीच्या सुट्टीत मी टूल केलं. दोन कामं. एक, ज्या गावांचे गुण आठवडाभर हललेले नाहीत ती नकाशावर राखाडी दाखवायची, म्हणजे मालक झोपलाय, लुटायला जा. दुसरं, इन्कमिंगची यादी चिकटवली की प्रत्येक हल्ल्यापुढे 'नोबल असू शकतो', 'रॅम', 'बहुतेक फेक' (नुसता हुलकावणीचा हल्ला) अशी चिठ्ठी लावायची आणि पोचायची वेळ भारतीय घड्याळात सांगायची. टोळीत धमाल उडाली. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून सीए करणारी एक मुलगी तर म्हणाली की परीक्षेच्या महिन्यात पहिल्यांदाच तिचं एकही गाव गेलं नाही.

मग मी नको ते केलं. तिसरं काम वाढवलं. इन्कमिंगचं पान दर मिनिटाला आपोआप ताजं व्हायचं आणि नवा हल्ला दिसला की फोन वाजायचा. हे करताना माझ्या मनात पाल चुकचुकली होती, हे कबूल करतो. पण मध्यरात्री उठून पान बघायचा कंटाळा चुकचुकण्यापेक्षा मोठा निघाला.

जानेवारीत पुण्यातल्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेठांच्या मालकाचा मेसेज आला. समोरच्या टोळीतला. वयाने मोठे असावेत, कारण मेसेजमध्ये पूर्णविराम होते. 'आपली टोळी यंत्रावर खेळते असे ऐकतो. आम्ही हाताने खेळतो. हे न्याय्य आहे का, एवढे सांगावे.' खाली आमच्यातल्या पोरांनी हसण्याच्या इमोजींची रांग लावली. मी मात्र तावातावाने लिहिलं, "काका, फाईल सगळ्यांनाच उघडी आहे. वाचायला कोणी अडवलंय?"

उत्तर लिहून झोपलो, पण झोप लागेना. फाईल उघडी आहे हे खरं, पण ती वाचण्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागतं हेही खरंच. शिवाय फाईलमध्ये इन्कमिंग नसतंच. तो भाग मी फाईलमधून घेत नव्हतोच, तो पान स्वतःहून उघडून घेत होतो. माझं उत्तर पहिल्या दोन कामांना लागू पडत होतं, तिसऱ्याला नाही. आणि काकांचा प्रश्न नेमका तिसऱ्याला लागत होता, त्यांना ते माहीत नसूनही.

खेळाच्या मदत विभागात तिकीट टाकायचं ठरवलं. पहिला मसुदा वकिली थाटाचा झाला, तिसरं काम 'सूचना सुविधा' अशा गोंडस नावाखाली लपवलेला. तो खोडला. शेवटी तीन परिच्छेद लिहिले, एका कामाला एक. टूल कुठून काय घेतं, खेळाच्या सर्व्हरला किती वेळा हात लावतं, माणसाने बटण दाबल्याशिवाय काय घडतं. हा शेवटचा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हाच निम्मं उत्तर मिळालं होतं, कारण स्क्रिप्टबाबतचा मूळ नियमच तो आहे: एका क्लिकला एक कृती. काही दिवसांनी उत्तर आलं, फार लांब नव्हतं. नियमांचं पान वाचा, आपोआप चालणारं काही नको. मी त्याच रात्री तिसरं काम काढून टाकलं. खात्यावर काही कारवाई झाली नाही. टोळीत मात्र बोंब झाली. "विचारायला कोणी सांगितलं होतं तुला?" हा प्रश्न मला चार जणांनी चार वेळा विचारला.

एका रविवारी काकांना भेटलो, डहाणूकर कॉलनीतल्या एका अमृततुल्यात. निवृत्त ड्राफ्ट्समन. पिशवीतून त्यांनी दोनशेपानी वही काढली. आलेखाचा कागद चिकटवलेला, त्यावर पेन्सिलीने गावं, लाल ठिपके आमचे. शेजारच्या पानावर कोणाचे गुण कधीपासून थांबलेत त्याची तारीखवार नोंद. माझं पहिलं काम, जसंच्या तसं. फक्त मला ते काही सेकंदांत मिळत होतं आणि त्यांना रोज सकाळी दोन तास लागत होते.

"म्हणजे काका, तुम्ही पण टूल वापरताच की."

"वापरतो ना. पण माझी वही बघायची तर तू बघू शकतोस. ही घे. तुझं मला बघायला मिळेल का?"

इथे मी जरा विषय बदलला. ट्रॅव्हियन आणि ओगेम हे असेच दुसरे खेळ; ट्रॅव्हियनमध्ये नकाशाची फाईल दिवसातून एकदाच निघते, ओगेमच्या सार्वजनिक माहितीत ग्रहांचा नकाशा आठवड्याने बदलतो, आपल्याकडे तासाला, असं बरंच सांगितलं. मुद्दा खोटा नव्हता. कोणती माहिती किती शिळी करून वाढायची हे खेळ बनवणारे ठरवतात, आणि सैन्य कुठे किती आहे ते यातला कोणीच उघडं करत नाही. शिवाय प्रीमियमचे पैसे भरले की लुटीला मदत करणारी सोय खेळातच मिळते. तिला कोणी यंत्र म्हणत नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं, बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "ते झालं. माझ्या प्रश्नाचं काय?"

घरी येऊन टोळीत मतदान घेतलं. टूल सगळ्यांना खुलं करायचं का? हरलो. मोठ्या फरकाने. तरी केलं. टूल माझं होतं, आणि त्यात टोळीतल्या कोणाची खासगी माहिती नव्हती. सैन्याचे आकडे आम्ही वेगळ्या शीटमध्ये ठेवायचो, ते तिथेच राहिले. दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं, एक टोळी सोडून गेला. सीएवाली म्हणाली, "चुकलास असं वाटतं, पण भांडायला वेळ नाहीये." काकांना लिंक पाठवली, त्यांनी 'आभारी आहे.' एवढंच लिहिलं. पूर्णविरामासकट.

मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी सातला फोन वाजला. सीएवालीचा. तिच्या गावावर रात्री पाच हल्ले दिसले होते, एकामागून एक. टूलने 'नोबल' ओळखलं होतं आणि पोचायची वेळ 7:40 सांगितली होती. साडेसातला उठून टोळीची मदत आत घ्यायची आणि नोबल कापायचे असं ठरलेलं. हल्ले 6:40 ला आले. तिला जाग आली तेव्हा गावाचं नाव कोथरूडवरून 'नवी पेठ' झालेलं होतं.

कारण शोधायला पाच मिनिटं लागली आणि पचायला दिवस. सर्व्हरचं घड्याळ युरोपातलं. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात. मी दिवाळीत टूल लिहिलं तेव्हा हिवाळ्याचा फरक मोजला आणि तोच आकडा कायमचा बसवून मोकळा झालो. आपल्याकडे घड्याळ हलत नाही, त्यामुळे डोक्यातच आलं नाही.

काकांना फोन केला. घरात दोन भिंतीवरची घड्याळं आहेत म्हणाले, एक सर्व्हरच्या वेळेचं. आठवड्यापूर्वी त्यांनी त्या रविवारची एक वेळ माझ्या टूलमध्ये घालून पाहिली, वहीशी जुळेना. वही दोनदा तपासली. मग नोबल कोणत्या मिनिटाला सोडायचे ते ठरवलं.

"काका, चूक दिसली तर सांगायचं ना."

"अरे," ते म्हणाले, "टूल सगळ्यांनाच उघडं होतं की. वाचायला तुला कोणी अडवलं होतं?"

ती ओळ दुरुस्त केली आणि काय चुकलं होतं ते टूलच्या पानावर सगळ्यात वर लिहून ठेवलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ परत मागे येतं. त्याची खूण मात्र कालनिर्णयवर, पेनाने केली.