ड्रमवर आलेला तबल्याचा कायदा

रविवार, रात्रीचे साडेअकरा

दादा आत्ता गेला. झोप काही येत नाही, म्हणून लिहायला बसले.

गेले दोन आठवडे मी एकाच जॅझ तिकडीत अडकले आहे, इंडो-पाक कोअलिशन. नाव सांगितल्यावर दादाला आधी क्रिकेटच आठवलं. अल्टो सॅक्सोफोनवर रुद्रेश महंथप्पा, गिटारवर रेझ अब्बासी आणि तबल्यावर डॅन वाइस. बास वाजवणारा कुणी नाही, त्यामुळे २००८ च्या 'अप्ती' या अल्बममध्ये डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्ज आवाजाच्या वाद्याची, घुमक मोकळी ऐकू येते. २०१७ च्या 'अग्रिमा'त वाइसने तबल्याच्या जोडीला ड्रमसेटही घेतलाय आणि सगळा आवाजच भरदार झालाय. त्यात 'रेवती' नावाची एक रचना आहे. रेवती हा कर्नाटक राग, म्हणजे स्वरांनी आपला बैरागीच, म्हणून सकाळी चहा टाकताना मी तीच लावते.

मला ओढ लागली ती मात्र हे तिघं इथवर कसे आले याची. रुद्रेश कन्नड घरातला, जन्म इटलीत ट्रिएस्टला, वाढला अमेरिकेत कोलोरॅडोत. कानात जॅझ सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर. पण भारतीय चेहरा म्हणजे भारतीय संगीत येतच असणार, हे लोक गृहीत धरायचे. कॉलेजच्या वयात मोठ्या भावाने त्याला गंमत म्हणून कद्री गोपालनाथांची ध्वनिमुद्रिका दिली. सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत! भावाची गंमत तिथेच राहिली आणि हा पुरता हलून गेला. पुढे तो चेन्नईला जाऊन गोपालनाथांपाशी बसला, शिकला, आणि २००८ मध्येच दोघांचा 'किन्समेन' हा अल्बम आला. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! हाताशी असलेलं, ओळखीचं वाद्य, आणि त्यातून गमक, म्हणजे आपल्या गाण्यातलं स्वरांचं आंदोलन, निघू शकते हे त्याला तेव्हा कळलं.

रेझ कराचीत जन्मला, चार वर्षांचा असताना लॉस एंजेलिसला गेला. जॅझ शिकला, आणि मग भारतात येऊन उस्ताद अल्लारखाँकडे बसला. गिटारवाला तबलजीकडे कशाला, असं दादाने विचारलं. मी म्हटलं, लयीसाठी. त्याने मान हलवली, त्याला पटलं.

आणि डॅन वाइस. न्यू जर्सीचा, आपल्याकडचं रक्ताचं नातं काही नाही. पंडित समीर चटर्जींकडे वर्षानुवर्षं तबला शिकला. समीरजींचं तबल्याचं घराणं फर्रुखाबाद म्हटल्यावर दादा जरा सावरून बसला. तरी म्हणाला, "ड्रमवर तबला म्हणजे नुसता धडधडाट. तबल्यावरची ती काळी शाईच नाही, तर बोल कुठून येणार?"

दादा पंचवीस वर्षं आमच्या भजनी मंडळात तबल्याची साथ करतो. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा मी वाइसची २००५ ची 'तीनताल ड्रमसेट सोलो' लावली. गिटारवर लहरा, म्हणजे तालाचं माप धरणारी तीच ती धून, चालू, सोळा मात्रा फिरताहेत, आणि वर नुसता ड्रमसेट. पहिली काही आवर्तनं दादा हाताची घडी घालून बसला होता. मग उजवा हात मांडीवर आला. टाळी, टाळी, काल (म्हणजे टाळी न देता हात बाजूला), टाळी. करंगळीपासून बोटं मोजायला लागली. थोड्या वेळाने ओठ हलू लागले. तो पढंत करत होता, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणत होता, अगदी हळू, आणि त्याला स्वतःला ते कळलंही नव्हतं. समोरून येत होते ते स्नेअरचे आणि बेस ड्रमचे आवाज, आणि दादा त्यांना धा आणि तिट म्हणत होता. तिहाई, म्हणजे तीनदा येणारा तोच तुकडा, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली तेव्हा त्याचा हात बरोब्बर त्याच क्षणी मांडीवर पडला.

मी मुद्दाम काहीच बोलले नाही. माझा स्वतःचा तबला प्रवेशिकेच्या परीक्षेनंतर सुटला. दहावी आली, क्लासच्या वेळी शिकवणी ठेवली गेली आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पण हातावर ताल धरायची सवय राहिली. आज आम्ही दोघं एकाच सतरंजीवर बसून तोच ताल धरत होतो, लहानपणी बाबांसमोर बसायचो तसे.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "डग्ग्याची मींड, तो घसरत जाणारा सूर, नाही येत त्याला ड्रमवर. येणार तरी कशी? पण ती जागा त्याने रिकामी सोडलीय बघ, भरून नाही टाकली." हे मला इतक्या वेळा ऐकूनही सुचलं नव्हतं.

निघायला उठला, चपला घातल्या, आणि दारातूनच म्हणाला, "परत लाव गं. अगदी सुरुवातीपासून."

चपला काढून आत आला. त्याची शेवटची बस त्यात गेली, रिक्षाने गेला.